देश संपतो, तेव्हा ध्वजाचे काय होते? व्हिएतनामच्या पिवळ्या ध्वजाची पन्नास वर्षे

#थ्रेड #इतिहास

१/
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टर नावाचे एक शहर आहे. एप्रिलच्या अखेरीस तेथील बोल्सा ॲव्हेन्यू या रस्त्यावरून गेल्यास दुतर्फा दोन ध्वज दिसतात. एक अमेरिकेचा. दुसरा पिवळा, मधोमध तीन आडवे तांबडे पट्टे असलेला. हा दुसरा ध्वज ज्या देशाचा होता, तो देश १९७५ साली अस्तंगत झाला. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर तो फडकत नाही, ऑलिंपिकच्या संचलनात तो दिसत नाही. तरीही शहरांच्या ठरावांत, राज्यांच्या आदेशांत आणि हजारो घरांच्या भिंतींवर तो आजही आहे. हे कसे घडले, याचा आज मागोवा घेऊ.

२/
मित्रहो, स्थलांतरित समाज आपला मायदेश सोबत नेतात, असे आपण सहज म्हणतो. भाषा, पाककृती, सण, देवघर हे सारे जातेच. पण ध्वज नेणे ही निराळी गोष्ट आहे. पाककृतीवरून कोणी कोणाला देशद्रोही ठरवत नाही, ध्वजावरून ठरवतात. म्हणून एखाद्या समाजाने कोणता ध्वज जपला आणि कोणता नाकारला, हे पाहिले की त्या समाजाने इतिहासाचे कोणते पान उघडे ठेवले आहे, ते कळते. व्हिएतनामी निर्वासितांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे.

३/
आधी दोन्ही ध्वजांचा जन्म पाहू.

तांबड्या पार्श्वभूमीवर पिवळा तारा असलेला ध्वज प्रथम फडकला तो १९४० च्या उठावात, आणि हा उठाव झाला होता व्हिएतनामच्या दक्षिण भागात. पुढे २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली आणि तो नव्या गणराज्याचा ध्वज झाला.

पिवळा ध्वज आला २ जून १९४८ रोजी. फ्रान्सच्या पाठिंब्याने स्थापन झालेल्या हंगामी सरकारने तो स्वीकारला. पुढल्या वर्षी माजी सम्राट बाओ दाई राष्ट्रप्रमुख म्हणून परतले आणि त्यांच्या राजवटीचा तो ध्वज ठरला.

४/
पिवळ्या ध्वजावरील तीन पट्ट्यांचा रूढ अर्थ असा : उत्तर, मध्य आणि दक्षिण व्हिएतनाम. फ्रेंचांनी देशाचे तोंकिन, अन्नाम आणि कोचिनचायना असे तीन तुकडे करून राज्य केले होते. ते तुकडे एका पिवळ्या भूमीवर एकत्र आणण्याची आकांक्षा त्या पट्ट्यांत आहे.

हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज आपण त्याला ‘दक्षिण व्हिएतनामचा ध्वज’ म्हणतो, पण त्याने कधीही केवळ दक्षिणेवर दावा केला नव्हता. दुसऱ्या बाजूचा तारांकित ध्वजही अखंड व्हिएतनामचाच होता. देश एक आणि त्यावर पूर्ण हक्क सांगणारी निशाणे दोन, हे त्या युद्धाचे मूळ होते.

५/
१९५४ च्या जिनिव्हा करारांनी देशाची सतराव्या अक्षांशावर तात्पुरती विभागणी केली. या करारांच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे अन्य सदस्य.

ठरलेल्या मुदतीत सुमारे आठ ते दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. १९७५ साली सायगॉन सोडणाऱ्यांमध्ये यांपैकी अनेक जण पुन्हा होते. एकाच आयुष्यात दोनदा निर्वासित झालेली ही पिढी. घर, शेत आणि पूर्वजांच्या कबरी त्यांनी दोनदा मागे सोडल्या.

६/
१९५५ साली न्गो दिन्ह दिएम यांनी बाओ दाई यांना दूर सारून प्रजासत्ताकाची घोषणा केली. राजवट बदलली, ध्वज तोच राहिला. राष्ट्रगीताची चालही तीच राहिली, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे.

त्या चालीचे संगीतकार होते ल्यू हू फुओक. हे गृहस्थ स्वतः साम्यवादी चळवळीत होते. पुढे दक्षिणेतील मुक्ती आघाडीचे गीतही त्यांनीच रचले आणि त्या आघाडीच्या क्रांतिकारी सरकारात ते मंत्री झाले. म्हणजे युद्धभूमीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन पक्षांची गीते एकाच माणसाच्या प्रतिभेतून आली होती. साम्यवादापासून पळून गेलेला समाज आजही आपल्या मेळाव्यांत त्याच साम्यवादी संगीतकाराच्या चालीवर मान ताठ करून उभा राहतो.

७/
३० एप्रिल १९७५. उत्तरेच्या सैन्याचे रणगाडे सायगॉनच्या राष्ट्राध्यक्षीय प्रासादाचे दार तोडून आत शिरले आणि छतावर ध्वज चढला.

कोणता? अनेकांना वाटते, तांबडा तारांकित. प्रत्यक्षात तो होता दक्षिणेतील मुक्ती आघाडीचा : वरचा अर्धा भाग तांबडा, खालचा निळा, मध्ये पिवळा तारा. दक्षिणेला दक्षिणेच्याच क्रांतिकारकांनी मुक्त केले, असे त्यातून सांगायचे होते. चौदा महिन्यांनी, २ जुलै १९७६ रोजी, देशाचे औपचारिक एकीकरण झाले आणि तो ध्वजही राजकीय जीवनातून निवृत्त झाला. जिंकणाऱ्यांच्या बाजूचाही एक ध्वज असा इतिहासजमा झाला, पण त्याच्यासाठी कोणी मोर्चे काढले नाहीत. त्यामागे परागंदा झालेला समाज नव्हता.

८/
सायगॉन पडण्याच्या सुमारास सुमारे एक लाख तीस हजार व्हिएतनामी अमेरिकेच्या आश्रयाला गेले. अनेकांचा पहिला मुक्काम ग्वाम बेटावर होता. तेथून कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन, आर्कान्सामधील फोर्ट चॅफी, फ्लोरिडातील एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियातील फोर्ट इंडियनटाउन गॅप या लष्करी तळांवर त्यांच्या छावण्या पडल्या.

या लोकांना ‘स्थलांतरित’ म्हणावे काय? स्थलांतरिताच्या मागे एक देश उभा असतो. रागावलेला असेल, गरीब असेल, पण असतो. यांच्या मागे तो उरला नव्हता. त्यांच्या पारपत्रावरील राष्ट्राचे नाव त्यांच्या प्रवासातच कालबाह्य झाले.

९/
ही अवस्था एका प्रसंगात मूर्तिमंत दिसते.

दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाची तीसेक जहाजे सुमारे तीस हजार माणसांना घेऊन फिलिपिन्सच्या सुबिक बे तळाकडे निघाली होती. अमेरिकन युद्धनौका ‘कर्क’ त्यांना वाट दाखवत होती. परंतु फिलिपिन्सने सायगॉनमधील नव्या सत्तेला मान्यता दिली होती. मग ही जहाजे कोणाची? नव्या सत्तेची ठरली, तर ती परत करावी लागणार. आणि जुन्या देशाचा ध्वज लावून बंदरात शिरण्यास परवानगी नव्हती.

१०/
तोडगा निघाला तो असा : ही जहाजे मुळात अमेरिकेने दिलेली होती, ती अमेरिकेकडे परत आली, असे मानावे. मे १९७५ च्या पहिल्या आठवड्यात, भर समुद्रात, प्रत्येक जहाजावर समारंभ झाला. पिवळा ध्वज उतरला, राष्ट्रगीत गायले गेले, अमेरिकेचा ध्वज चढला. अधिकाऱ्यांनी गणवेशावरील पदचिन्हे काढली.

दक्षिण व्हिएतनामच्या सार्वभौमत्वाचा शेवटचा तुकडा जमिनीवर नव्हे, त्या डेकवर संपला. उतरवलेले ते ध्वज घड्या होऊन लोकांच्या सामानातून पुढे गेले. राज्याचा ध्वज समाजाचा ध्वज होण्याची सुरुवात मला तेथे दिसते.

११/
तरी प्रत्येकाला जायचेच होते, असे नाही. ग्वामवर पोहोचलेल्यांपैकी सुमारे दीड हजार लोकांनी परत जाण्याचा आग्रह धरला. अनेकांची बायकामुले मागे राहिली होती. त्यांनी बेटावर निदर्शने केली. अखेर ‘व्हिएतनाम थुओंग तिन’ हे जहाज त्यांना देण्यात आले आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये ते मायदेशी निघाले.

मायदेशाने त्यांचे स्वागत संशयाने केले. अनेकांची रवानगी बंदिवासात झाली. काहींनी कित्येक वर्षे तेथे काढली. ही बातमी बाहेरच्या छावण्यांत पोहोचली आणि परतीचा विचार करणाऱ्यांना उत्तर मिळाले.

१२/
मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांना, सैनिकांना, लेखकांना ‘पुनर्शिक्षण छावण्यां’त पाठवण्यात आले. नाव शिक्षणाचे, वस्तुस्थिती सक्तमजुरीची. काही जण दहा वर्षांहून अधिक काळ आत होते.

मग समुद्रावरचे पलायन सुरू झाले. मच्छीमारांच्या लाकडी होड्यांतून निघालेले सुमारे आठ लाख लोक १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, हाँगकाँग, फिलिपिन्स अशा ठिकाणी जिवंत पोहोचले. न पोहोचलेल्यांची खात्रीशीर मोजदाद कोणीच करू शकले नाही. वादळे, तहान आणि समुद्री चाचे यांनी किती नेले, हे त्या घरांनाच ठाऊक.

१३/
अमेरिकन सरकारने या लोकांना मुद्दाम देशभर विखरून वसवले, म्हणजे एका जागी भार पडणार नाही. लोकांनी तो बेत हाणून पाडला. दोन-चार वर्षांत ते स्वतःहून आप्तांकडे, उबदार हवेकडे, भाताच्या दुकानांकडे सरकू लागले. वेस्टमिन्स्टर आणि आसपासच्या गावांत किराणा दुकाने, दवाखाने, छापखाने निघाले. ‘न्गुओई व्हिएत’ हे व्हिएतनामी वृत्तपत्र तेथे १९७८ साली सुरू झाले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी या भागास ‘लिटल सायगॉन’ अशी अधिकृत ओळख दिली.

खुद्द सायगॉनचे नाव तोवर हो ची मिन्ह सिटी झाले होते. जुने नाव जपायला आता एक नवे गाव मिळाले.

१४/
या गावात पिवळा ध्वज नेमके काय काम करत होता? माझ्या मते, पहिले काम शोकाचे.

सायगॉनजवळ बिएन होआ येथे दक्षिणेच्या सैन्याचे मोठे दफनस्थान होते. तेथे सुमारे सोळा हजार सैनिक पुरलेले आहेत. १९७५ नंतर ती जागा लष्कराच्या ताब्यात गेली. प्रवेशद्वाराजवळचा बसलेल्या, शोकमग्न सैनिकाचा पुतळा हटवण्यात आला. जिंकणाऱ्यांच्या हुतात्म्यांसाठी गावोगावी स्मारके उभी राहिली. हरलेल्यांच्या मृतांसाठी सार्वजनिक अश्रूंचीही सोय नव्हती.

पूर्वजांच्या कबरींची निगा हे व्हिएतनामी कुटुंबाचे आद्य कर्तव्य मानले जाते. कबरीपर्यंत जाता येत नसेल, तर माणूस काय करतो? कबरीवर पडायला हवा होता, तो ध्वज घराच्या भिंतीवर लावतो.

१५/
म्हणूनच एका तारखेला दोन नावे आहेत. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल हा दक्षिणेच्या मुक्तीचा आणि एकीकरणाचा दिवस. सरकारी सुट्टी, रोषणाई. परदेशातील समाजात तोच दिवस ‘काळा एप्रिल’, राष्ट्रीय शोकदिन.

कॅनडाच्या संसदेने २०१५ साली ३० एप्रिल हा व्हिएतनामी निर्वासितांच्या ‘स्वातंत्र्याकडील प्रवासाचा दिवस’ म्हणून कायद्याने मान्य केला, तेव्हा व्हिएतनाम सरकारने निषेध नोंदवला. दुसऱ्या देशाच्या पंचांगातील एका दिवसाचे नाव हा दोन राष्ट्रांमधील वादाचा विषय झाला. स्मृतीचे राजकारण म्हणतात ते हेच.

१६/
शोकाला दुसरी बाजूही असते : पहारा.

१९९९ च्या प्रारंभी वेस्टमिन्स्टरमधील एका व्हिडिओ दुकानाच्या मालकाने, जो स्वतः व्हिएतनामी निर्वासित होता, दुकानात हो ची मिन्ह यांचे छायाचित्र आणि आजच्या व्हिएतनामचा तांबडा ध्वज लावला. निदर्शने पेटली. ती पन्नासहून अधिक दिवस चालली. एका दिवशी जमाव सुमारे पंधरा हजारांवर गेला. छावण्यांत वर्षे काढलेले वृद्ध, होडीतून आलेल्या बाया, इंग्रजीत शिकलेली मुले असे सारे त्या वाहनतळात एकत्र उभे होते. अनेक तरुणांनी आपल्या आईवडिलांचा इतिहास प्रथमच तेथे, उभ्याने ऐकला.

१७/
प्रकरण न्यायालयात गेले. प्रारंभीच्या मनाई हुकुमानंतर न्यायालयाने निर्णय दिला की, छायाचित्र आणि ध्वज लावणे हा अमेरिकन संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला अभिव्यक्तीचा हक्क आहे.

येथील पेच पाहा. निदर्शक म्हणत होते : आम्ही स्वातंत्र्यासाठी देश सोडला. दुकानदाराचे उत्तर होते : मग तेच स्वातंत्र्य मलाही आहे. दोघेही खरे बोलत होते. परंतु ज्या बाईचा नवरा छावणीत मेला, तिला तो तांबडा ध्वज हे ‘मत’ वाटत नव्हते. ते तिच्या घरावर मारलेले शिक्के होते. कायदा मताचे रक्षण करू शकतो, जखमेचे मोजमाप करू शकत नाही.

१८/
पहारा आपल्याच लोकांवरही बसतो. २००८ साली ‘न्गुओई व्हिएत’च्या नववर्ष अंकात एका तरुण कलावतीच्या कलाकृतीचे छायाचित्र आले. पाय धुण्याचे पेडिक्युरचे भांडे, रंग पिवळा, त्यावर तीन तांबडे पट्टे. ध्वजाचा अपमान झाला म्हणून वृत्तपत्राच्या दारात निदर्शने झाली आणि जबाबदार संपादकांना पद सोडावे लागले.

कलावतीचा हेतू काय होता? तिची सासू नेल सलूनमध्ये काम करत असे. परक्यांचे पाय धुऊन, नखे रंगवून हजारो निर्वासित स्त्रियांनी संसार उभे केले, मागे राहिलेल्यांना पैसे पाठवले. त्या श्रमाला तिने ध्वजाचा मान दिला होता. श्रम खरे होते, ध्वजही खरा होता. दोन्ही एकत्र पाहणे मात्र त्या समाजाला अजून सोसत नव्हते.

१९/
याहून गंभीर गोष्ट ही की, १९८१ ते १९९० या काळात अमेरिकेत पाच व्हिएतनामी-अमेरिकन पत्रकारांच्या हत्या झाल्या. त्यांपैकी एकाही प्रकरणात कोणावर दोष सिद्ध झालेला नाही. निर्वासितांच्या वस्तीत वेगळे मत छापणे किती धोक्याचे होते, हे त्यावरून समजते.

छळातून पळून आलेला समाज आपोआप उदार होतो, असा आपला एक भाबडा समज असतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ज्याचा देश हिरावला गेला, त्याला उरलेल्या चिन्हावर ओरखडाही चालत नाही.

२०/
१९९५ साली अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. आता अधिकृत समारंभांत तांबडा ध्वजच लागणार. तेव्हा समाजाने एक कुशल वाट शोधली.

फेब्रुवारी २००३ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपरिषदेने पिवळ्या ध्वजाला ठरावाने मान्यता दिली. कशाचा ध्वज म्हणून? कोणत्याही राष्ट्राचा नव्हे. व्हिएतनामी-अमेरिकन समाजाचा ध्वज म्हणून. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने तसा कायदा केला. व्हर्जिनियात असे विधेयक आले, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आक्षेप घेतला. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आदेश काढला. ध्वजाचे नवे नाव ठरले : ‘वारसा आणि स्वातंत्र्य ध्वज’.

२१/
हे नामांतर वरवर किरकोळ वाटते, पण त्याने ध्वजाचा स्वभाव बदलला. १९४८ साली तो एका अखंड देशावर हक्क सांगत होता. १९७५ नंतर तो परतीच्या युद्धाची आशा होता. २००३ नंतर तो एका अमेरिकन अल्पसंख्य समाजाची खूण झाला. कापड तेच, पट्टे तेच. त्याने ‘तो देश आमचा’ म्हणणे सोडले आणि ‘आम्ही कोठून आलो’ हे सांगणे धरले.

अर्थात सर्वांनी ते सोडले असे नाही. अनेक वृद्ध सैनिकांसाठी तो आजही राष्ट्रध्वजच आहे, आणि त्यांना तसे वाटण्याचा अधिकार नाकारणारे आपण कोण?

२२/
आता क्षणभर बर्लिनला जाऊ. तेथे याच इतिहासाची जणू तुलना मांडून ठेवलेली आहे.

पश्चिम जर्मनीने समुद्रातून वाचलेल्या हजारो व्हिएतनामींना आश्रय दिला. ‘काप आनामुर’ या जहाजाने अनेकांना समुद्रातून उचलले होते. त्याच काळात पूर्व जर्मनीने समाजवादी मित्रराष्ट्र म्हणून व्हिएतनामकडून कंत्राटी कामगार मागवले. १९८९ च्या सुमारास त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. पहिल्यांच्या सभेत पिवळा ध्वज, दुसऱ्यांच्या पारपत्रावर तांबडा.

बर्लिनची भिंत पडली. दोन जर्मनी एक झाले. दोन व्हिएतनामी समाज एका शहरात आले, आणि दीर्घकाळ एकमेकांपासून दूरच राहिले.

२३/
भाषा एक, नववर्षाचा सण एक, स्वयंपाकघरातील मत्स्यरसाचा वास एक. फरक कशाचा? निघण्याच्या तारखेचा आणि निघण्याच्या कारणाचा.

या थ्रेडचा गाभा मी एका वाक्यात सांगू इच्छितो. परागंदा समाज जो ध्वज जपतो, तो मायदेशाचा कमी आणि मायदेश सोडल्याच्या दिवसाचा अधिक असतो. इराणबाहेरील अनेक इराणी १९७९ पूर्वीचा सिंह आणि सूर्याचा ध्वज घेऊन उभे राहतात, तेथेही हेच सूत्र आहे. मागे राहिलेला देश पुढे जातो, बदलतो, नवी पिढी जन्माला घालतो. सोबत नेलेला देश मात्र त्या दिवशीच्या घड्याळावर थांबलेला असतो.

२४/
म्हणूनच नातवंडांसमोर प्रश्न उभा राहतो. त्यांनी तो देश पाहिलेला नाही, पण ध्वज वारशात मिळाला आहे. चार वर्षांचे असताना फोर्ट इंडियनटाउन गॅपच्या छावणीत आलेले व्हिएत थान्ह गुयेन पुढे लेखक झाले. ‘द सिम्पथायझर’ या त्यांच्या कादंबरीला २०१६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. दोन्ही बाजूंच्या स्मृती एकत्र वाचण्याचा आग्रह त्यांच्या लेखनात सातत्याने दिसतो.

आणि ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर चालून गेलेल्या गर्दीत पिवळा ध्वज दिसला, तेव्हा समाजातील अनेक तरुणांनी जाहीर वेदना व्यक्त केली. हा आमच्या आजोबांच्या शोकाचा ध्वज. तो येथे कोणी आणला, असा त्यांचा प्रश्न होता. वारसा मिळाला की त्याचा अर्थ लावण्याचे भांडणही मिळते.

२५/
हनोईची भूमिकाही पाहायला हवी. एके काळी पळून गेलेल्यांना गद्दार म्हटले जाई. २००४ साली पक्षाच्या पॉलिट ब्युरोने ठराव करून परदेशस्थ व्हिएतनामी हे राष्ट्राचे अविभाज्य अंग असल्याचे म्हटले. त्यामागे व्यवहारही होता. परदेशातून दरवर्षी अब्जावधी डॉलर घरी येतात. २००६ मध्ये बिएन होआचे दफनस्थान लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे सोपवण्यात आले आणि कुटुंबांना कबरींची डागडुजी करणे सुकर झाले.

पैसा परत जाऊ शकतो, पाहुणे म्हणून माणसेही जाऊ शकतात. पिवळा ध्वज मात्र तेथे आजही उघडपणे लावता येत नाही. समेट कबरीपर्यंत आला आहे, कबरीवरील निशाणापर्यंत आलेला नाही.

२६/
मराठी वाचकाला येथे एक उलटे उदाहरण आठवेल. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामा यांनी भारताचा तिरंगी ध्वज उंचावला. त्या ध्वजामागे तेव्हा राज्य नव्हते. येऊ घातलेल्या राष्ट्राची ती आशा होती. पुढे राष्ट्र आले, त्याने निराळा तिरंगा स्वीकारला आणि श्टुटगार्टचा ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात सन्मानाने विसावला.

परदेशी मातीवर फडकणारे ध्वज असे दोन प्रकारचे असतात : राष्ट्र येण्यापूर्वीचे आणि राष्ट्र गेल्यानंतरचे. पहिल्यांना विश्रांती मिळू शकते. दुसऱ्यांना ती कोण देणार?

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ध्वजासमोर उभे राहून ‘हा खरा की तो खरा’ असा निवाडा देण्याची घाई करू नये. तीन प्रश्न विचारावेत. हा ध्वज कोणत्या तारखेला थांबला? त्याच्याखाली कोणाचे मृत आहेत? आणि आज तो उंचावून कोणाला गप्प केले जात आहे?

पहिला प्रश्न आपल्याला इतिहास देतो, दुसरा करुणा देतो. तिसरा प्रश्न त्या करुणेला आंधळी होऊ देत नाही. तिन्ही एकत्र विचारले, तरच बोल्सा ॲव्हेन्यूवरचा तो पिवळा ध्वज नीट वाचता येतो.

२८/
दक्षिण व्हिएतनामचे प्रजासत्ताक जेमतेम वीस वर्षे टिकले. त्याचा ध्वज देशाविना पन्नास वर्षे टिकून आहे. ज्यांनी तो सुबिक बेच्या वाटेवर स्वतःच्या हातांनी उतरवला, त्यांच्यापैकी थोडेच आता हयात आहेत. ते गेल्यावर हा ध्वज संग्रहालयात जाईल, निवडणुकीच्या सभेत जाईल की दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकाच दिवशी लावल्या जाणाऱ्या उदबत्तीशेजारी जाईल, हे त्यांच्या नातवंडांना ठरवायचे आहे.

आपल्या वाचनात असा ‘देशाविना उरलेला ध्वज’ आणखी कोठे आला असेल, तर खाली अवश्य लिहा. त्यावरही सविस्तर लिहिता येईल.

(थ्रेड समाप्त)